नापास शेवभाजीचा नमुना

गेल्या वर्षी ९ फेब्रुवारीला, दुपारच्या सुट्टीत, माझ्या सहाध्यायी हेमांगी बोरसे यांनी मला हे सांगितले. प्रसंगाच्या वेळी त्या स्वतः रांगेत होत्या.

विद्यापीठाच्या फाटकाशी नव्या फूड ट्रकांना, पदार्थ चवीच्या परीक्षेत पास झाला तरच, कायमची जागा मिळायची होती. परीक्षक चांदोरकरांनी सुलभाताई खैरनारांच्या शेवभाजीच्या तीन वाट्या चाटूनपुसून संपवल्या आणि फर्मावले, "नापास! ट्रक उद्याच हलवा."

सुलभाताई नम्रपणे म्हणाल्या, "हलवते की, साहेब. पण नापास पदार्थाचा नमुना अहवालाला जोडावा, असा तुमचाच नियम आहे. या तीन रिकाम्या वाट्यांपैकी कुठली जोडू?"

रांगेत हशा पिकला. चांदोरकरांनी 'पास'वर सही केली.

सहीनंतर त्यांनी चौथी वाटी मागितली, असेही हेमांगी सांगतात. त्याची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही.