दंडावरची खूण

“सांगून तरी उपयोग काय?” गेनूबाबा खेकसला. “दरसाल एक पोरगी येते, वहीत उतरवून नेते, आणि लेकरं मरायची ती मरतातच. मला कशाला बोलायला लावतेस?”

उज्ज्वला केंद्रेनं खांद्यावरचा लशीचा डबा खाली ठेवला आणि बसली.

पोरगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. लसीकरणाच्या पेपरात कॉलेजात पहिली. कुठली लस कितव्या महिन्यात, किती गारव्यात ठेवायची, झोपेतून उठवून विचारा. आणि ऊसतोड टोळीच्या तळावर तिला कुणी आपल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत घेईना.

गोवरानं तळावरची दोन लेकरं गेली होती. तिसऱ्या कोपीत पुरळ उठलं होतं. तिला लागून वच्छीची कोपी. वच्छीची दहा महिन्यांची पोर अजून धडधाकट होती. उज्ज्वलानं दारात उभं राहून वच्छीला अर्धा तास पुस्तक ऐकवलं. वच्छीनं सगळं ऐकून घेतलं आणि गोणपाटाचा पडदा सोडला.

म्हणून ती या म्हाताऱ्याकडे आली होती. गेनू देवीवाला. एके काळी देवीची लस टोचत, लोकांच्या देवी काढत अकरा गावं पायी तुडवलेला माणूस. लस नको म्हणून एका पाटलानं तेव्हा दगड घालून त्याचं डोकं फोडलं होतं. कुणीतरी माफी मागायची राहिलीय म्हणून म्हातारा अजून धुमसतो, असं गाव म्हणायचं.

“असं काय बोलू बाबा, की ती पडदा उघडेल?”

“तिनं काय विचारलं?”

“काही नाही... तुम्ही स्वतः टोचून घेता का, एवढंच.”

“मग?”

“मी हो म्हणाले.”

म्हाताऱ्यानं बाही वर सारली. सुरकुतल्या दंडावर बोराएवढे दोन गोल वण.

“ही माझी. तुझी दाखव.”

“आताच्या सुईची खूण राहत नाही, बाबा.”

“म्हणून फावतं.”

नर्सिंगच्या मुलींना काविळीची लस घ्यावी लागे, तीन वेळा. रांगेत उभं राहायचं, यादीवर सही ठोकायची आणि सुईपाशी पोचायच्या आत मागच्या दारानं सटकायचं, ही हॉस्टेलची जुनी रीत. ती घेतली की पुढं मूल होत नाही, अशी कुजबुज होती. ते खोटं आहे हे तिनं पेपरात दोन पानं लिहिलं होतं. तरी तिन्ही वेळा ती सटकली होती.

“एकदाही नाही घेतली,” ती म्हणाली.

“वच्छीला कळलं ते.”

म्हाताऱ्यानं दंडावरच्या वणावरून बोट फिरवलं.

“घरी शेवंता होती माझी. सात महिन्यांची. बायको म्हणाली, नाजूक आहे, टोचायचं राहू द्या. मलाही बरंच वाटलं. म्हटलं, जत्रा झाल्यावर बघू...”

उज्ज्वलानं डबा जवळ ओढला.

“वच्छीला काय सांगू आता?”

“मी खोटं बोलले, असं सांग.”

“मग ती माझं तोंडसुद्धा बघायची नाही.”

“नसेल बघायची.”

लशीचा डबा खांद्याला अडकवून ती उठली. उंबऱ्यात थबकली.

“बाबा, त्या पाटलानं अजून माफी नाही मागितली?”

“पाटील? शेवंताला मातीत ठेवायचा खड्डा त्यानंच खणला. पाया पडला माझ्या.”

“मग कोण राहिलं?”

म्हाताऱ्यानं बाही खाली ओढली.

“गेनू देवीवाला.”