दुसऱ्या वेळचा कावळा

“मग त्यात खोटं काय आहे, तेवढं सांगा माई! बाप खोटा होता? घाट खोटा होता? कावळा काय मी भाड्याने आणला होता?”

उन्मेष कर्डिले मठाच्या ओसरीत उभ्यानेच बोलत होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता.

माई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

“भाड्याने मिळतात का?” त्यांनी विचारलं.

“थट्टा नको, माई. तिकडे माझं घर जळतंय.”

“मग इकडे काय करतोयस?”

तो धुमसत खांबाला टेकला.

नदीकाठचा मठ तो. माईंच्या गुरूंच्या समाधीपुढे नंदादीप असतो, आणि त्याला तेल उन्मेषच्या वडिलांच्या, तात्यांच्या, लाकडी घाण्यावरून येई. तात्या डबा स्वतः घेऊन यायचे, माईंपुढे घटकाभर बसायचे आणि फारसं न बोलता उठून जायचे. तात्या गेले त्याला वर्ष झालं. डबा अजून येतो. आता तो कंपनीचा माणूस आणतो, आणि डब्यावर तात्यांचा फोटो असतो.

‘तात्यांचा घाणा’ हे नाव उन्मेषचं. तात्या असेपर्यंत तो शहरात जाहिरातींच्या कंपनीत होता. घाण्याकडे फिरकत नसे. ते गेले आणि तो तेलात उतरला, आणि एका व्हिडिओने त्याचं तेल घराघरात नेलं.

तो व्हिडिओ तात्यांच्या दहाव्याचा. घाटावर पिंड मांडलेला आहे. कावळे झाडावर बसून आहेत, एकही खाली येत नाही. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांपैकी कुणीतरी पुढे होऊन त्याला शब्द देतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तसा ओल्या धोतरातला, डोकं भादरलेला उन्मेष पुढे होतो. हात जोडतो.

“तात्या, तुमचा घाणा मी थांबू देणार नाही. भेसळीचा एक थेंब विकणार नाही.”

आणि कावळा झेपावतो. पिंडाला चोच लावतो.

लोकांनी पाहिलं, डोळे पुसले, आणि तेल मागवलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी उन्मेषने तोच व्हिडिओ पुन्हा टाकला. सोबत, त्या दिवसापुरती, तेलाच्या डब्यावर सवलत.

त्याखाली त्याच्या सख्ख्या बहिणीने, शैलाताईने, चार शब्द लिहिले.

‘हा दुसऱ्या वेळचा कावळा.’

बस. संध्याकाळपर्यंत गावोगावचे लोक त्याच्यावर तुटून पडले. कुणी लिहिलं, बापाच्या पिंडावर भजी तळली. कुणी विचारलं, पुढच्या वर्षी आईचा नंबर का? दुकानदार फोन उचलेनासे झाले. मालाच्या गाड्या अर्ध्या रस्त्यातून परत आल्या.

“शैला खोटं बोलली?” माईंनी विचारलं.

“नाही! खोटं बोलली असती तर मी निस्तरलं असतं.” उन्मेषचा आवाज चढला. “पहिल्यांदा कावळा शिवला तेव्हा चुलतभावाने फोन चालूच केला नव्हता. मी नुसते हात जोडले, काहीतरी पुटपुटलो, आणि आला की कावळा. कुणाच्या ध्यानात यायच्या आत. मग मी भटजींना म्हटलं, अजून एक पिंड मांडा. ते ऐकेनात. गळ घातली. मांडला. पुन्हा कावळा आला. आला की नाही? तोही खराच ना?”

“तो जेवायला आला.”

“आणि पहिला? पहिला काय मला भेटायला आला होता?”

माईंनी मान वर केली.

“ते तू सांग.”

...

उन्मेष चिडला. घाटावर जे घडलं त्याचा हिशेब ह्या बाईंनी का मागावा?

“माई, तुम्हाला बाहेरचं जग माहीत नाही. लोक भाड्याचे म्हातारे बसवतात हो कॅमेऱ्यापुढे! फेटा बांधतात, हातात जातं देतात, म्हणतात हे आमचे आजोबा. मोठमोठे लोक येऊन आम्हाला शिकवतात, अस्सल राहा, स्वतःची गोष्ट सांगा, ग्राहकाला माणूस दिसू द्या. मी दाखवला माणूस. सख्खा बाप दाखवला. आणि चोर मी? तेल तपासा माझं! कुठेही नेऊन तपासा!”

“तेल चांगलं आहे,” माई म्हणाल्या. “दिवा काजळत नाही.”

“हेच! हेच बोला ना!” तो झटकन खाली बसला. “मी त्यासाठीच आलोय. लोक तुम्हाला मानतात. तात्यांना तुम्ही ओळखत होता. कॅमेऱ्यापुढे एक वाक्य बोला, हा मुलगा खरा आहे. एवढंच. नाहीतर दिवाळीआधी घाणा बंद करायची वेळ येईल. माझं सोडा, तिथल्या माणसांनी कुठे जायचं?”

माईंनी हात पदराला पुसले.

“लाव.”

इतक्या सहज होकार येईल असं त्याला वाटलं नव्हतं. गाडीतून त्याने तिकाटणं आणलं, फोन त्यावर चढवला. माईंच्या पदराला छोटा माइक लावला.

“हे काय, गोचिडासारखं?”

“माइक आहे, माई.”

“चावत नाही ना?”

एवढ्या संतापातही त्याला हसू आलं. त्याने मागे सरून पाहिलं, मग पुढे होऊन शेंगांचं सूप थोडं माईंच्या गुडघ्याजवळ ओढलं. आता छान दिसत होतं.

“बोला.”

माईंनी फोनकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहिलं.

“साक्ष देते. पण मी घाटावर नव्हते. पहिल्यांदा तू काय म्हणालास, ते मला सांग.”

“तात्या, तुमचा घाणा मी थांबू देणार...”

“ते दुसऱ्यांदा.”

“हो. पहिल्यांदा...” तो थांबला. “तात्या, तुमचा घाणा...”

...

वर्षभर त्याने तो व्हिडिओ पाहिला होता, कापला होता, त्याला संगीत लावलं होतं, सभांतून त्यावर भाषणं दिली होती. पहिल्या वेळेपर्यंत जायला निघालं की वाटेत दुसरी वेळ उभी असायची.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

“शैला शेजारी होती ना?”

“तिला काल विचारलं. म्हणाली, ते तू तात्यांना सांगितलंस, मला नाही. आणि फोन ठेवला.” त्याचा तोल सुटला. “आणि काय फरक पडतो हो माई? काय बोललो त्याने काय फरक पडतो? बाप माझा गेला! तिचाही गेला, मान्य. पण मी त्याचं नाव घराघरात नेलं. तिने काय केलं? बसली रडत!”

शब्द ओसरीत घुमले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले.

माईंनी एक शेंग उचलली. सोलली. दाणे सुपात टाकले.



मग कुठूनसा त्याला वस्तरा आठवला. न्हाव्याने कानामागे कापलं होतं, आणि उन्हात ते चुरचुरत होतं. धोतर पायांना चिकटत होतं. शैलाताईने मागून त्याचं कोपर धरलं होतं, तो पडेल की काय असं वाटून. समोर तो भाताचा गोळा. आणि त्याला एकदम वाटलं होतं की तात्या इथंच कुठंतरी बसलेत, नेहमीसारखे, न बोलता, आणि वाट बघताहेत.

त्याचे ओठ हलले.

“मी म्हटलं... तात्या, मला यातलं काही येत नाही.”

माईंचा हात थांबला.

“तुम्ही बोलवायचात, ये म्हणायचात, बघून तरी घे म्हणायचात. मी आलो नाही. आता कुणाला विचारू? ... तुम्ही दमलात. जा. माझ्यासाठी थांबू नका.”

आणि तो रडला. व्हिडिओत रडला होता तसा नव्हे. नाक वाहत होतं, घशातून भलताच आवाज येत होता, आणि इस्त्रीच्या झब्ब्याची बाही तोंडाशी धरून तो लहान मुलासारखा वाकला होता. माईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ‘उगी’ म्हटलं नाही. बसून राहिल्या.

हळूहळू आवाज थांबला. त्याने नाक पुसलं, डोळे पुसले, दीर्घ श्वास घेतला.

आणि त्याची नजर फोनकडे गेली.

फोन काळा होता.

तो गुडघ्यांवर पुढे सरकला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. बॅटरी संपली होती. कधी संपली, कुणास ठाऊक.

“अरेरे...” त्याच्या तोंडून निघून गेलं.

निघून गेल्यावर त्याने माईंकडे पाहिलं.

माई पदरावरचा माइक सरळ करत होत्या.

“पुन्हा घेऊ या का?” त्या म्हणाल्या. “बसते मी.”