रानात सापडलेली घंटा

फार वर्षांमागे, माणसं सोडून गेलेल्या एका वाडीजवळच्या रानात साळिंदराला कंद उकरताना पितळेची वस्तू सापडली. माकडाला ते फळ वाटलं. त्याने चावून पाहिलं, तर दातच दुखले. हलवल्यावर आतून किणकिण आवाज आला.

"अरे, ही तर घंटा!" रानात एकटाच राहणारा म्हातारा बैल म्हणाला. "माझ्या आईच्या गळ्यात अशीच होती. ती चुकली की गुराखी आवाजावरून तिला शोधायचा."

हे ऐकून हरिणीचे डोळे चमकले. तिचं पाडस सारखं भरकटायचं. तिने माकडाकडून घंटा वेलीने पाडसाच्या गळ्यात बांधून घेतली. पाडस आनंदाने उड्या मारू लागलं.

बैल मात्र कान टवकारून आजूबाजूच्या झाडीकडे बघू लागला.

"काय झालं, बाबा?" हरिणीने विचारलं.

"एकदा आई चुकली, तेव्हा गुराख्याआधी बिबट्या पोहोचला."

हरिणीने लगेच दातांनी वेल तोडली.

"आता मी हरवलो तर?" पाडस रडवेलं झालं.

"तर मी शोधत येईन," हरिणी म्हणाली. "तू फक्त गुपचूप बसून राहा."