आवडी कातारणीची खेळी

चार दिवस झाले, आंबेखोलच्या रत्नोजीराजांनी बुद्धिबळाची एक खेळी केली नव्हती. समोर तळवट संस्थानचे विसाजीपंत बसून होते. पैज हिरवट डोंगराची. राजे हरले तर डोंगर तळवटचा. पाचव्या दिवशी दुपारचा नगारा होईपर्यंत खेळी झाली नाही, तरी डोंगर तळवटचाच.

करारात एक सवलत होती. राजांनी आपल्या मुलखातल्या कोणालाही सल्ला विचारावा. राजांनी त्यात स्वतःची एक अट घातली. डाव जिंकून द्यायचा, पण माझा वजीर मरता कामा नये! चुकीचा सल्ला देणाऱ्यानं हत्तीखाना झाडायचा.

पहिल्या दिवशी सेनापती म्हणाले, "हत्ती सरळ घुसवा, त्यांच्या राजाच्या ओळीत!"

"तिथं त्यांचा वजीर टपून आहे. हत्ती जाईल," राजे म्हणाले. सेनापती खराटा घेऊन गेले. मग पुरोहित गेले, राजवैद्य गेले, खजिनदार गेले. हत्तीखाना इतका स्वच्छ कधीच नव्हता. राज्यकारभार मात्र थांबला होता.

पाचव्या दिवशी सकाळी आवडी कातारीण दरबारात आली. ती आणि तिचा नवरा लाकूड कातून बुद्धिबळाच्या सोंगट्या करत. राजांनी रागाच्या भरात एक घोडा आपटला होता, त्याचं डोकं उडालं होतं. आवडी नवा घोडा घेऊन आली होती.

"कुठं ठेवू सरकार?"

"बाहेरच ठेव. तो केव्हाच मेला."

"मेलेल्या घोड्याला डोकं कशाला हवं होतं?"

"राजाचा घोडा आहे!" दिवाण नरहरपंत ओरडले.

आवडीनं घोडा ठेवला. मग ती पटाकडे बघत उभी राहिली. हिरवट डोंगरावर कुड्याची झाडं होती. सोंगट्यांना लागणारं लाकूड साऱ्या कातारआळीला तिथूनच मिळे. डोंगर गेला तर आळीतले लाकूड कातायचे चरक बंद पडणार होते.

"सरकार, एक सांगू?"

"तुला खेळ येतो?"

"सोंगट्या कातून झाल्या की आम्ही एक डाव खेळून बघतो. बुडाला डगमगतात का ते कळतं."

"चुकलीस तर हत्तीखाना."

"तिथं आता झाडायला काही उरलं असेल असं वाटत नाही. तुमच्या वजिरानं त्यांचा हत्ती मारा."

नरहरपंत उठून उभे राहिले. वजिराबद्दल वाईट बोललेलं त्यांना खपत नसे.

"वजीर द्यायचा? एका हत्तीसाठी वजीर?"

"त्या हत्तीला जोर आहे, बाई!" राजे म्हणाले. "तिथं गेला की माझा वजीर मरेल."

"मारणार कोण?"

"त्यांचा वजीर."

"तो मोकळा आहे का, ते आधी विचारा!"

विसाजीपंत पान चघळत होते. ते चघळायचे थांबले.

आवडी खाली बसली. पटाला हात न लावता तिनं बोट दाखवलं. "हा त्यांचा राजा. शेवटच्या ओळीत बसलाय आणि पुढ्यात त्याचीच तीन प्यादी. हलायला जागा नाही. आपला हत्ती त्या ओळीत पोचला की शह आणि मात. पोचू कोण देत नाही?"

"त्यांचा वजीर."

"आणि त्यांचा हत्ती कोण राखतंय?"

"तोही..." राजे पटावर वाकले. "तोही तोच वजीर."

"एकट्यावर दोन कामं आहेत, सरकार. तुमच्या वजिराला मारायला तो आला, की राजाच्या ओळीत आपला हत्ती शिरला. नाही आला, तर त्यांचा हत्ती फुकट गेला, आणि वर तुमचा वजीर त्याच्यावरच रोखलेला."

"अगं हळू!" नरहरपंत कुजबुजले. "पंत ऐकतायत!"

"ऐकू द्या. ऐकल्यानं त्यांचे वजीर दोन होत नाहीत."

राजांचा हात वजिराकडे गेला. थांबला. हात लावलेली सोंगटी परत ठेवता येत नव्हती. त्यांनी आवडीकडे पाहिलं. ती पापणी न हलवता पटाकडे बघत होती. राजांनी वजीर उचलला आणि पंतांचा हत्ती मारला.

"घ्या, पंत," राजे म्हणाले. "वजीर समोर आहे."

विसाजीपंतांनी आपला वजीर धरायला बोटं पुढं केली. परत घेतली. पुन्हा पुढं केली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मलाही चार दिवस मिळतील का?"

"नगाऱ्यापर्यंत."

पंतांनी आणखी एक पान लावलं, ते खाल्लं, आणि मग आपला राजा हळूच आडवा केला.

"महाराज, डोंगर आपला," विसाजीपंत म्हणाले. "आणि आपला वजीर जिवंत आहे."

राजे इतके हसले की पगडी सरकली. नरहरपंतांनी ती सावरली, आणि मग तेही हसले.

"माग, आवडे! काय हवं ते माग!"

"हिरवट डोंगरावरचा कुडा कातारांशिवाय कोणी तोडू नये, एवढा हुकूम द्या."

हुकूम तिथल्या तिथं लिहिला गेला. नरहरपंतांनी तो वाचून दाखवला आणि शिक्का उचलला.

"थांबा," आवडी म्हणाली. "डोंगर मिळाला. वर जायची वाट कुणाची?"

नरहरपंत खाकरले. वाट त्यांच्या काजूच्या बागेतून जात होती.

"बागेला कुंपण आहे," ते म्हणाले. "त्यातून कातारांनी मोळ्या घेऊन ये-जा करायची?"

"नाहीतर असं करा," आवडी म्हणाली, "झाडं आम्ही वर तोडतो, आणि खाली तुम्ही आणून द्या!"

राजांची पगडी दुसऱ्यांदा सरकली. त्यांनी हुकूम ओढून घेतला, 'वाटेसह' हा शब्द स्वतःच्या हातानं लिहिला आणि शिक्का मारला.