कबऱ्या गेल्यावर

फार मागे, वाराणसीच्या गादीवर ब्रह्मदत्त राजा बसलेला असताना, बोधिसत्त्व एका मेंढपाळाच्या घरी जन्माला आला. नाव खेमक. राजाचा या गोष्टीशी काही संबंध नाही. राजे आपल्या जागी, मेंढरं आपल्या जागी. आणि बोधिसत्त्व म्हटलं म्हणून लगेच हात जोडायची घाई कुणी करू नये. बुद्ध व्हायला त्याला अजून पुष्कळ जन्म बाकी होते, आणि या जन्मी तो भित्रा होता.

आपण भित्रे आहोत हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं, कारण त्याच्याजवळ कबऱ्या होता. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, एक कान फाटलेला कुत्रा. सकाळी कबऱ्या पुढे जाई, झुडपं हुंगून येई, भुंके, आणि मगच खेमक मेंढरं सोडी. कितीतरी पावसाळे दोघांनी असेच काढले. मग एका दुपारी कबऱ्या बाभळीखाली आडवा झाला तो उठलाच नाही. म्हातारा झाला होता, दुसरं काही नाही. खेमकनं खड्डा खणून त्याला पुरला, वर दगड रचले आणि वाघुरीपाशी येऊन बसला. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरांचं जाळं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाघूर उघडलीच नाही.

"आज नको," तो बायकोला म्हणाला. "तिकडं करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं."

"वारा हलला," उत्पला म्हणाली.

पण तो ऐकेना. विळा घेऊन जायचा, झाडांचे डहाळे तोडून आणायचा, मेंढरांपुढे टाकायचा. डहाळे तोडतानाही मान सारखी मागे. मेंढरं मोजायचा, चुकायचा, पुन्हा मोजायचा. पान वाजलं तरी काठी उचलायचा. जेवायला बसला की काठी मांडीवर आडवी, आणि पानातलं अन्न तसंच वाळून जायचं.

इकडचं गवत संपत आलं होतं. या दिवसांत सगळे मेंढपाळ घळ उतरून नदीकाठच्या कुरणात जात. घळ अरुंद, दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या, आणि जाळ्यांत लांडगे. एकेक करून सगळे निघून गेले. मागे राहिला कुंडक. त्याच्याकडे पाच कुत्री होती, आणि पाचांहून मोठा आवाज त्याचा स्वतःचा होता.

"काय रे खेमका, कुत्रं मेलं का बाप मेला?"

"पाचांतलं एक दे की मला. घळीपुरतं."

"कुत्रं कुणी देतं का? तू कळप दे. माझ्यात मिसळ, काठी घेऊन मागून चाल, दोन वेळचं खा. डोक्याला ताप नाही. उद्या उजाडताच निघतोय बघ."

खेमकला ते गोड लागलं. काळजी कुणी उचलून नेत असेल तर कळपही घेऊन जा म्हणावं, इतका तो थकला होता. उत्पलेला त्यानं तसं सांगितलं.

"मिसळा की," ती म्हणाली. "पाच कुत्र्यांच्या पोटात आपली कोकरं जातील. आणि सहावं कुत्रं तुम्ही."

तो उठून पुन्हा मेंढरं मोजायला गेला.

सकाळी उत्पलेनं एक कोकरू आणून त्याच्यापुढे ठेवलं. मेलेलं होतं. आईला दूध नव्हतं. नुसत्या डहाळ्यांवर दूध कुठून येणार?

"मोजा," ती म्हणाली. "सगळी आतच आहेत. जाळं कुठं फाटलं नाही, लांडगा काही आला नाही. मग हे कुणी नेलं?"

खेमक त्या कोकराकडे बघत राहिला. मग उठला. कुंडक वाटेवर ओरडत उभाच होता.

"येतोस ना?"

"तू हो पुढं. माझी मी आणतो."

"बरं. लांडग्यांना तसं सांगून ठेवतो," कुंडक म्हणाला आणि हसत निघून गेला.

मेंढपाळ कळपाच्या मागून चालतो, पुढे कुत्रं असतं. आज पुढे कुणी नव्हतं. उत्पला मागे राहिली आणि खेमक पुढे झाला. घळीच्या तोंडाशी त्याचे पाय लटलट कापायला लागले. तो खाली पायांकडे बघू लागला, आणि त्याला आठवलं की याच जागी कबऱ्याचे मागचे पाय दर साली असेच कापायचे. खेमक आपला समजायचा, कुत्रं उतावीळ झालंय. उतावीळ कसलं! ते भ्यायलेलं असे. भिऊनच आत शिरे.

खेमक आत शिरला. ओरडायला गेला तर आवाज चिरका निघाला. अर्ध्या वाटेवर जाळीतून लांडगा उठला. पळावं तर मेंढरं पांगणार. त्यानं दगडावर काठी आपटली आणि मागे जाण्याऐवजी एक पाऊल पुढे टाकलं. लांडगा बाजूला सरला, आणि मागून उत्पलेची किंकाळी आली. दुसऱ्या लांडग्यानं शेवटची म्हातारी मेंढी ओढून नेली होती.

"थांबू नका!" ती ओरडली. "चला!"

तो थांबला नाही. डोळे पुसत चालत राहिला. बाकी सगळा कळप कुरणात उतरला. तिथं बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की कबऱ्या असतानाही दर साली एखादी मेंढी जायचीच. एवढ्या दिवसांच्या रडण्यात तेवढं तो विसरला होता.

पुढे त्याच्याकडे दुसरं कुत्रं आलं. कबऱ्याची सर त्याला नव्हती, खादाड होतं. खेमकनं त्यालाही जीव लावला, पण घळीत पुढे मात्र दोघं बरोबरीनं चालत.

ही गोष्ट शास्त्यानं, म्हणजे बुद्धानं, आनंदाला सांगितली. आनंद हा शास्त्याची सेवा करणारा भिक्षू. शास्त्याचं शरीर आता थकलं होतं, आणि आनंद दाराला धरून विचारत होता, "भन्ते, आपण गेल्यावर मी काय करू?"

शास्ता म्हणाला, "त्या वेळची उत्पला म्हणजे माझ्या मुलाची, राहुलाची आई. कुंडक म्हणजे या जन्मीही माझ्या वाटेत आडवा येणारा देवदत्त. खेमक मी होतो. आणि आनंदा, कबऱ्या तू होतास. तुझ्यावाचून ती घळ मी चाललो आहे, आणि भीत भीतच चाललो आहे. तूही तसाच चाल."

याला धैर्य म्हणतात.