बोळा निघेना, पाट वाहेना

एक होती टिंगी बेडकुली. एवढीश्शी! चिंचोक्याएवढी. तिचा भाऊ शेपट्या. त्याला पायच नव्हते. नुसती शेपटी. वळवळ वळवळ!

दोघं राहायची वांग्याच्या वाफ्यात. पाटाच्या टोकाला, एका डबक्यात.

चैत्राचं ऊन. बाई बाई, काय ते ऊन! रोज सकाळी पाटातून पाणी यायचं. आज आलंच नाही. डबकं झालं परातीएवढं. मग झालं वाटीएवढं.

"ताई, माझी शेपटी तापली," शेपट्या म्हणाला.

टिंगीने डबक्याबाहेर उडी मारली. "थांब हं राजा. पाणी आणते."

निघाली टुणुक टुणुक.

"पाटा रे पाटा, पाणी दे ना!
भाऊ माझा सुकतोय!"

पाट म्हणाला, "मीच कोरडा. तळं देईल, तर मी वाहीन."

टुणुक टुणुक. वावराच्या वरच्या अंगाला मोठ्ठं शेततळं.

"तळ्या रे तळ्या, पाणी दे ना!
पाट वाहेना,
भाऊ माझा सुकतोय!"

तळं म्हणालं, "पावसाचं पाणी साठवलंय की पोटभर! पण नळीच्या तोंडात बोळा. बोळा निघेल, तर मी देईन."

बोळा म्हणजे जुन्या लुगड्याची चिंधी. थेंब वाया जाऊ नये म्हणून वावराच्या मालकिणीने, हौसाक्काने, कोंबलेली. घट्ट घट्ट!

"बोळ्या रे बोळ्या, नीघ ना!
तळं देईना,
पाट वाहेना,
भाऊ माझा सुकतोय!"

बोळा म्हणाला, "हौसाक्का ओढेल, तर मी निघेन."

टुणुक टुणुक. हौसाक्का कुठंय? गोठ्यापाशी. आणि तिचा पदर? शेळीच्या तोंडात! अक्का ओढते इकडे, शेळी ओढते तिकडे.

"अगं सोड मेले! नवं लुगडं माझं!"

"अक्का गं अक्का, बोळा ओढ ना!
बोळा निघेना,
तळं देईना,
पाट वाहेना,
भाऊ माझा सुकतोय!"

अक्का म्हणाली, "येऊ कशी गं बाई? शेळी सोडेल, तर मी ओढेन."

"शेळी गं शेळी, पदर सोड ना!
अक्का ओढेना,
बोळा निघेना,
तळं देईना,
पाट वाहेना,
भाऊ माझा सुकतोय!"

शेळी दातांतल्या दातांत म्हणाली, "हिरवा घास मिळेल, तर मी सोडेन."

टुणुक टुणुक. टिंगी दमली. पाय भाजले. बांधावर होता घास, पण वाळका.

"घासा रे घासा, हिरवा हो ना!
शेळी सोडेना,
अक्का ओढेना,
बोळा निघेना,
तळं देईना,
पाट वाहेना,
भाऊ माझा सुकतोय!"

वाळका घास कुरकुरला, "पाट वाहील, तर मी हिरवा होईन."

आँ? पाट? पाट तर पहिलाच! फिरून फिरून टिंगी तिथंच! आता काय करावं गं बाई? टिंगीला रडूच फुटलं.

लांबून बारीक आवाज आला, "ताईऽऽ..."

टिंगीने डोळे पुसले. मारली उंच उडी. बघते तर सगळं रान पिवळं! पण तळ्याचा काठ? हिरवागार! तिथं ओल होती ना!

टुणुक टुणुक टुणुक! एक पातं तोडलं. टच्‌! तोंडात धरलं. पळाली शेळीकडे.

शेळीने पातं पाहिलं. तोंड उघडलं, "म्यॅऽऽ!"

शेळीने सोडला पदर.
अक्काने ओढला बोळा. भॉक!
तळ्याने दिलं पाणी. भळभळ भळभळ!
पाट वाहिला. खळखळ खळखळ!

पुढे टिंगी, मागे पाणी. आली डबक्याशी. शेपट्या हलेना!

पाणी आलं. डबकं भरलं.

"शेपट्या? ए शेपट्या? बोल ना रे!"

टिंगीने त्याला हळूच ढोसलं.

मग शेपटी हलली. वळवळ वळवळ!

"ताई, हे बघ काय!"

टिंगीने पाहिलं. शेपटीजवळ दोन पाय फुटले होते. इवले इवले! टिंगी हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

"ताई, मला टुणुक शिकव ना."

पाटातून आली गोष्ट, वाफ्यात जिरली.