कोरा रकाना नको

मोबाइलवर दुरुस्तीचा फॉर्म उघडला की तो भरलेलाच असला पाहिजे, असं देवकाते साहेबांनी सोमवारी सकाळी जाहीर केलं. मेकॅनिकने एक अक्षरही टाइप करायचं नाही. आणि एकही रकाना कोरा राहता कामा नये. जोवर कोरे रकाने दिसतील तोवर मेकॅनिक लोकांची रविवारची सुट्टी बंद!

साहेबांची नाशिकमध्ये लिफ्ट दुरुस्तीची कंपनी. आदल्या आठवड्यात ते पुण्याला एक प्रदर्शन बघून आले होते. तिथे कोणीतरी मोबाइलवर बोट टेकवलं आणि फॉर्म आपोआप भरला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते काम माझ्याकडे आलं. मी ऑफिसात नवीन, अजून कायम झालेली नव्हते. फॉर्म जमला तर कायम, नाही तर पुन्हा टेलिफोन घ्यायच्या कामावर, असं साहेबांनी सांगून टाकलं. ऑफिसात कॉम्प्युटर येणारी मी एकटीच, असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

तो समज मंगळवारीच गेला. कंपनीकडे ग्राहकांची यादी होती, लिफ्टची यादी होती, कराराच्या तारखा होत्या. लिफ्टवरचं स्टिकर मोबाइलने स्कॅन केलं की हे सगळं फॉर्ममध्ये यायला हवं. मी मोठ्या थाटात याद्या जोडल्या आणि आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक याकूबभाई यांना पहिला फॉर्म पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. त्यांनी शांतपणे विचारलं, "हेमलताबाई, या बिल्डिंगला चारशे आठ मजले आहेत का?"

लिफ्ट किती वजन उचलते तो आकडा मी मजल्यांच्या रकान्यात जोडला होता. चारशे आठ किलो उचलणारी लिफ्ट, तीन मजल्यांची इमारत. मी चूक दुरुस्त केली, तर इमारतीच्या सेक्रेटरींचं नाव तळमजल्याच्या रकान्यात जाऊन बसलं. दोन दिवस याकूबभाई माझे फॉर्म उघडायचे आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांना वाचून दाखवायचे.

शुक्रवारपर्यंत मात्र गाडी रुळावर आली. स्टिकर स्कॅन केलं की ग्राहकाचं नाव, पत्ता, लिफ्टचा प्रकार, मागच्या भेटीची तारीख, मेकॅनिकचं नाव, सगळं जागच्या जागी. मी खूश होऊन साहेबांपुढे मोबाइल धरला. त्यांनी चष्मा वर केला आणि खालच्या चार रकान्यांवर बोट ठेवलं. काय बिघडलं होतं, काय काम केलं, लिफ्ट चालू झाली का, ग्राहकाचा शेरा. चारही कोरे.

मी सांगितलं की हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. साहेब म्हणाले, पुण्यात एकही रकाना कोरा नव्हता. मी विचारलं, मग ही माहिती आणायची कुठून? ते म्हणाले, "मागच्या भेटीतून घे. आपलं काम नेहमी चांगलंच असतं."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मान डोलावली, ते चार रकाने मागच्या भेटीच्या नोंदीला जोडले आणि फक्त एवढंच म्हटलं, की पहिला मान तुमचाच, तेव्हा सुरुवात तुमच्या बंगल्यातल्या लिफ्टपासून करू. साहेबांना ते फार आवडलं. माझा बेत साधा होता. लिफ्टची महिन्याची साफसफाई न होताच फॉर्म भरून येईल, साहेबांना धूळ दिसेल आणि त्यांच्या लक्षात येईल. त्यापुढचं मला सुचलं नव्हतं. ते लिफ्टला सुचलं.

बुधवारी सकाळी साहेब ऑफिसला निघाले आणि त्यांची लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. दिवा चालू, पंखा चालू, पण लिफ्ट हलेना. साहेबांनी मोबाइल काढला आणि ऐटीत लिफ्टमधलं स्टिकर स्कॅन करून तक्रार नोंदवली. लगेच त्यांना उत्तर आलं. दोष, दरवाजा नीट लागत नव्हता. काम, दरवाजा दुरुस्त केला. लिफ्ट चालू. ग्राहक समाधानी.

फॉर्म पूर्ण भरला म्हणजे तक्रार मिटली, त्यामुळे कोणाही मेकॅनिकला ती गेलीच नाही. ती ऑफिसच्या स्क्रीनवर मला दिसली. मी आधी याकूबभाईंना फोन केला. ते जवळच होते, स्कूटर वळवून निघाले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी आवाज सरळ ठेवला.

"हेमलता, मी लिफ्टमध्ये अडकलोय!"

"साहेब, नोंदीप्रमाणे तुम्ही दहा मिनिटांपूर्वीच सुटलात."

मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आणि हा समाधानी ग्राहक कोण?"

"तुम्हीच साहेब. मागच्या भेटीत तुम्ही समाधानी होता."

"अगं, पण इथे कोणी आलेलंच नाही!"

"फॉर्म पूर्ण भरलाय, साहेब. एकही रकाना कोरा नाही. फक्त काम राहिलंय."

माझी नोकरी गेली, असं मला त्या क्षणी वाटलं. मग फोनमधून एक आवाज आला. आधी मला वाटलं, लिफ्ट सुरू झाली. पण साहेब हसत होते. बंद लिफ्टमध्ये त्यांचं हसणं इतकं घुमत होतं की जिन्यात पोचलेल्या याकूबभाईंना वाटलं, आत तीन-चार माणसं आहेत.

याकूबभाईंनी बाहेर काढल्यावर साहेब थेट ऑफिसात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की चार रकाने कोरेच राहू देत, आणि रविवारची सुट्टी याच आठवड्यापासून सुरू. मग माझ्याकडे वळले. "आणि तू आजपासून कायम."